उंदराची साक्ष आणि दोन तराजू

माघ सरत आला की वाईच्या आसपासच्या कृष्णाकाठावर हळदीच्या कामाला वेग येतो. काहिलींत शिजणाऱ्या हळदीची वाफ शिवारभर पसरते, अंगणे आणि खळी पिवळी होतात, आणि वाळवून झळाळी चढवलेली हळकुंडे पोत्यांतून बाजाराची वाट धरतात. नदीच्या वाटेने खाली गेले की सांगलीची मोठी पेठ लागते. तेथे हरिपूरच्या बाजूला जमिनीखालच्या पेवांत हळद साठविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि २०१८ साली ‘सांगलीची हळद’ हे नाव भौगोलिक चिन्हांकनाच्या नोंदवहीत दाखल झाले. याच पट्ट्यातील कित्येक घरांत, पहाटे चूल पेटण्यापूर्वी, आणखी एक डबी उघडली जाते. तीत तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची भुकटी, म्हणजे मिसरी, असते. हळद देवघरात असते, लग्नघरात असते, जखमेवर असते. मिसरीचे नाव मात्र पाहुण्यांसमोर कोणी काढीत नाही. सासूने लावली म्हणून सुनेने लावली, दात दुखला म्हणून लावली, आणि मग ती सुटली नाही, एवढाच तिचा इतिहास.

या दोन्ही पदार्थांची एकाच दरबारात, जवळजवळ एकाच काळात, झडती झाली होती ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मिसरीची आणि त्यापाठोपाठ हळदीची परीक्षा केली. साक्षीदार दोन्ही खटल्यांत तोच होता: प्रयोगशाळेतील उंदीर, आणि जोडीला हॅमस्टर. मिसरीविरुद्ध त्याने दिलेली साक्ष संशोधनपत्रिकेच्या पानांत राहून गेली. हळदीच्या बाजूने दिलेली साक्ष मात्र गोळ्यांच्या डब्यांवर, जाहिरातींत आणि घरगुती सल्ल्यांत जाऊन बसली. साक्षीदार एक आणि तराजू दोन, असा हा व्यवहार आहे. तो का घडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच सार्वजनिक अर्थव्यवहाराचाही आहे.

कर्करोगाच्या प्रकरणात मुक्या प्राण्याला साक्षीला का बोलवावे लागले, हे आधी पाहिले पाहिजे. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो, आणि त्याचे कारण काजळी असावी, असे नोंदविले. निरीक्षण अचूक होते. तथापि काजळीतील नेमका कोणता घटक, आणि तो काय करतो, हे माणसावर प्रयोग करून पाहणे शक्यच नव्हते. ते उत्तर मिळायला १४० वर्षे लागली. १९१५ साली टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या दोन संशोधकांनी सशाच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून प्रत्यक्ष कर्करोग निर्माण करून दाखविला. इतरांनी हाच प्रयोग आधी करून पाहिला होता व कंटाळून सोडून दिला होता. यामागिवांचे श्रेय कल्पकतेपेक्षा चिकाटीचे अधिक आहे. त्यानंतर लंडनमध्ये केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबराचा गाळ गाळून, प्रत्येक टप्प्यावरचा अंश उंदरांच्या कातडीवर लावून पाहत, १९३३ मध्ये त्यातून एक शुद्ध कर्कजनक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव बेंझोपायरिन. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण तंबाखू तव्यावर भाजली की तीतही ते उतरते.

प्राण्याची साक्ष नेहमीच खरी ठरते असे मात्र नाही. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना १९२६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते एका कृमीमुळे घुशीवजा उंदरांच्या जठरात कर्करोग होतो या शोधाबद्दल. पुढे असे दिसून आले की त्या उंदरांच्या आहारात अ जीवनसत्त्वाचा अभाव होता आणि जठरातील विकृतीचे मुख्य कारण ते होते. कृमीचा दोष फारसा नव्हता. फिबिगर अप्रामाणिक नव्हते. त्यांनी उंदराला एक प्रश्न विचारला आणि उंदराने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले, इतकेच. साक्ष घेताना साक्षीदार काय खातो, कोणत्या कुळातला आहे, त्याला किती दिवस पाहिले, हे सर्व विचारावे लागते हा धडा शास्त्राने त्यातून घेतला. कुळाचा प्रश्न तर आणखी आधीपासून सुटू लागला होता. क्लॅरेन्स कुक लिट्ल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०९ पासून भावाबहिणींचे संकर पिढ्यान्‌पिढ्या करून एकसारखे उंदीर तयार केले आणि १९२९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. लिट्ल यांचे नाव पुढे एका वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहे.

महाराष्ट्रात हे काम उभे राहिले ते टाटा स्मारक रुग्णालयाच्या आधाराने. १९४१ मध्ये परळला ते सुरू झाले तेव्हा तेथील विकृतिशास्त्र विभाग डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होता. रोग्याची सवय आणि रोगाची जागा यांचा संबंध लावण्याची त्यांची दृष्टी विलक्षण होती. कमरेला घट्ट धोतर वा लुगडे नेसल्याने होणारा त्वचेचा कर्करोग, आंध्रात पेटते टोक तोंडात ठेवून चिरूट ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, अशा गोष्टी त्यांनी १९४५ च्या सुमारास जगापुढे मांडल्या. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे, तयार झाल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून घेतले आणि परत येऊन ते या देशात रुजविले. परदेशी राहण्याची संधी सोडून येथील अपुऱ्या साधनांत काम करण्याचा त्यांचा निर्णय होता, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले ते योग्यच झाले.

रणदिवे यांच्या कामाचा मोठा भाग मादी उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगाभोवती होता. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवून दिले होते की कर्करोगप्रवण मादीची पिले जन्मतःच दुसऱ्या, निरोगी कुळातील मादीच्या अंगावर दिली तर त्यांच्यात हा रोग पुष्कळ कमी होतो. दोष रक्तातच होता असे नाही, दुधातून एक घटक येत होता. तो पुढे विषाणू ठरला. मुंबईतही या दिशेने प्रयोग झाले आणि संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक स्वतंत्र वंश तयार झाला. असा वंश म्हणजे काय चीज असते याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. वीस पिढ्यांची नोंद, ठरावीक तापमान, ठरावीक खाद्य, रविवारीही येणारा सेवक आणि रात्री वीज गेली तर तिची पर्यायी सोय, एवढे सारे अखंड चालले तर तो टिकतो. अंदाजपत्रकात ‘प्राणिगृह’ हे कलम दिसायला रुक्ष असते. एका वर्षी ते कापले तर ज्या वस्तूचा नाश होतो ती दुसऱ्या वर्षी पैसे देऊन परत आणता येत नाही. शासकीय काटकसरीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला क्वचितच दिसतो.

आता तंबाखूचा खटला. त्याची खरी साक्ष माणसानेच दिली होती. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी मांडला. १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईतील रोग्यांच्या नोंदींवरून तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश वैद्यक पत्रिकेत प्रसिद्ध केला. परंतु आकड्यांवर कोणाचा विश्वास बसतो? उंदराने बोलावे अशी मागणी आली. १९५३ मध्ये वाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेटचा काट उंदरांच्या पाठीवर लावला आणि त्यांपैकी ४४ टक्के उंदरांना कर्करोग झाला. मग सिगारेट कंपन्यांनी ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत मोठी जाहिरात देऊन सांगितले की उंदरांवरील प्रयोगांवरून निष्कर्ष काढता येत नाहीत, आणखी संशोधन हवे, व त्यासाठी एक समिती आम्हीच नेमतो. त्या समितीचे वैज्ञानिक संचालकपद त्याच वर्षी कोणी स्वीकारले? ज्यांनी एकसारखे उंदीर प्रथम तयार केले त्या क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी. कर्करोग आनुवंशिक आहे ही त्यांची जुनी धारणा होती, आणि ती धारणा कंपन्यांच्या सोयीची होती. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; परंतु प्रामाणिक शंकेचाही बाजार मांडता येतो हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

त्यात एक शास्त्रीय अडचणही होती, व ती नाकारण्यात अर्थ नाही. उंदरांना सिगारेटचा धूर हुंगायला लावले तर फुप्फुसात अपेक्षेप्रमाणे कर्करोग होईना. उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो. त्याचे गुंतागुंतीचे नाक धुरातील कण बरेचसे अडवून धरते. शिवाय तो धूर टाळण्यासाठी उथळ श्वास घेतो. म्हणजे हा प्राणी या एका प्रश्नापुरता चुकीचा साक्षीदार होता. लाखो माणसांवर, त्यांनी आपखुशीने, आपल्या खर्चाने करून घेतलेला प्रयोग समोर असताना, चुकीच्या साक्षीदाराच्या मौनाचा फायदा आरोपीला मिळत राहिला.

मिसरीच्या बाबतीत तर उंदीर मौनही राहिला नाही. मिसरी खाद्यातून देऊन व तिचा अर्क कातडीवर लावून केलेले प्रयोग मुंबईच्या संस्थेने १९८८ साली प्रसिद्ध केले आणि भाजलेली तंबाखू अर्बुदे निर्माण करू शकते असे त्यातून दिसले. तंबाखूत मुळातच असणारी नायट्रोसअमाइन द्रव्ये आणि भाजताना निर्माण होणारे बेंझोपायरिन, अशी दुहेरी भर मिसरीत असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखू माणसात कर्कजनक असल्याचा निःसंदिग्ध निर्वाळा दिलेला आहे. परंतु हा निवाडा छापायचा कोठे? १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा आला. चघळण्याच्या तंबाखूलाही कवेत घेणारा तंबाखू कायदा २००३ मध्ये आला. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. मिसरी घरच्या तव्यावर होते. तिला पाकीट नाही, निर्माता नाही, म्हणून तिच्यावर चित्रही नाही आणि कवटीही नाही. कर आणि बंदी ही शासनाच्या हातातील दोन्ही हत्यारे बाजारातल्या वस्तूवर चालतात; चुलीपाशी ती बोथट होतात. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के धूररहित तंबाखू वापरणारे आणि केवळ ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले. या राज्याचा तंबाखूचा प्रश्न तोंडाचा आहे, फुप्फुसाचा नंतर. तरीही सार्वजनिक चर्चा अजून सिगारेटभोवतीच फिरते.

येथे एक आकडा द्यावासा वाटतो. २०१७–१८ या वर्षी तंबाखूजन्य रोगांमुळे देशाचे झालेले आर्थिक नुकसान अभ्यासकांनी १,७७,३४१ कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडे अधिक, असे मोजले. तंबाखूवरील उत्पादन शुल्काचे उत्पन्न त्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतके होते. तंबाखूमुळे तिजोरी भरते असे सांगणाऱ्यांसाठी हा आकडा पुरेसा आहे.

दुसऱ्या तराजूत काय आहे ते आता पाहू. १९९२ मध्ये अझुइने आणि भिडे यांनी दाखविले की स्विस जातीच्या उंदरांच्या खाद्यात हळद मिसळली तर बेंझोपायरिनमुळे जठरात होणारी अर्बुदे कमी होतात. त्याच सुमारास हॅमस्टरच्या तोंडात कर्कजनक द्रव्याने होणारी अर्बुदे विड्याचे पान व हळद यांच्यामुळे कमी होतात असेही त्यांना आढळले. काम काळजीपूर्वक केलेले होते, आणि येथील माणसाची सवय व येथील माणसाचा मसाला एकाच प्रयोगात समोरासमोर आणण्याची त्यामागची सूझ खरोखरच देशी होती. पुढे कर्क्युमिन या हळदीतील पिवळ्या द्रव्यावर जगभर हजारो लेख निघाले.

त्या प्रयोगांचा अर्थ मात्र बारकाईने वाचला पाहिजे. पहिली गोष्ट मात्रेची. उंदराच्या खाद्यात शंभर भागांत दोन भाग हळद होती. माणूस दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम कोरडे अन्न खातो असे धरले तर हे प्रमाण १० ग्रॅम हळदीचे होते. आमटी-भाजीतून पोटात जाते ती एक-दोन ग्रॅम. दुसरी गोष्ट काळाची. हे प्रयोग रोग टाळता येईल का हे पाहणारे होते. विष देण्याच्या काळात हळद सोबत होती. ज्याच्या गालात गाठ आधीच आली आहे त्याचा प्रश्न हा नव्हेच. तिसरी गोष्ट शोषणाची. हळदीत कर्क्युमिन शंभरात दोन ते पाच भाग असते आणि तेही आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. २०१७ मध्ये एका रसायनशास्त्रीय पत्रिकेत या विषयाचा सांगोपांग आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसांवरील शंभराहून अधिक चाचण्या जमा झाल्या होत्या. परंतु रोगी व वैद्य दोघांनाही औषध की बनावट गोळी हे ठाऊक नसलेल्या कडक चाचणीत कर्क्युमिन यशस्वी झाल्याचे एकही उदाहरण त्या आढाव्याला सापडले नाही. याचा अर्थ हळद निरुपयोगी आहे असा नव्हे. उंदराने ‘विचार करण्याजोगे आहे’ म्हटले होते, ते आपण ‘सिद्ध झाले’ असे ऐकले, एवढाच त्याचा अर्थ.

असे ऐकण्याची किंमत किती भारी पडू शकते हे बीटा-कॅरोटीनच्या प्रकरणात दिसले. गाजराला रंग देणारे हे द्रव्य. लोकांच्या आहाराच्या नोंदी आशादायक होत्या, प्राण्यांवरील काही प्रयोगही आशादायक होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली गेली. १९९४ मध्ये निकाल हाती आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. त्यानंतर, १९९९ मध्ये, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या लांबट प्राण्यावर प्रयोग झाला. या प्राण्याच्या शरीरात हे द्रव्य माणसाप्रमाणेच शोषले जाते. धूर आणि मोठी मात्रा एकत्र आली की फुप्फुसाच्या अस्तरात कर्करोगपूर्व बदल होतात असे त्यात दिसले. योग्य साक्षीदार होता. त्याला बोलावले मात्र निकालानंतर. कर्करोगाच्या प्रतिबंधाची गोळी निरोगी माणसाला द्यायची असते, आणि निरोगी माणसाचे नुकसान करण्याचा अधिकार कोणत्याही आशेला नाही. म्हणून येथे पुराव्याची पातळी औषधापेक्षा वरची असायला हवी.

नीट विचारले तर प्राणी नीट उत्तर देतात याचीही उदाहरणे आहेत. टॅमॉक्सिफेन हे द्रव्य मुळात संततिनियमनासाठी शोधले गेले. उंदरांत ते त्या कामी यशस्वी झाले आणि स्त्रियांत नेमके उलटे घडले. तेच द्रव्य क्रेग जॉर्डन यांनी १९७० नंतरच्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी उंदरांवर पुन्हा तपासले. कर्कजनक द्रव्य दिल्यानंतरही ते अर्बुदे रोखते असे दिसले. त्यावर विसंबून कोणी बाजारात धाव घेतली नाही. १३,३८८ स्त्रियांवर चाचणी झाली आणि १९९८ मध्ये निकाल आला: अधिक धोका असलेल्या स्त्रियांत पसरणारा स्तनकर्करोग ४९ टक्क्यांनी घटला, आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढला. दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात सांगितल्या गेल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीची वाटही अशीच दूरवरून आली. १९३३ मध्ये रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या डोक्यावरील शिंगांसारख्या गाठींत विषाणू शोधला. १९९५ मध्ये कुत्र्यांच्या तोंडातील तशाच विषाणूवर लस लागू पडली. २००६ मध्ये माणसासाठी लस आली, आणि २०२३ च्या जानेवारीत पुण्यात तयार झालेली भारतीय लस पुढे आली. सशापासून मुलीच्या दंडापर्यंत सत्तरहून अधिक वर्षांचा हा प्रवास आहे. ज्या काळात मंत्रिमंडळे पाच वर्षांचा विचार करतात त्या काळात अशा कामाला पैसा कोण देणार, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न.

कारण हळदीचे घोडे तेथेच अडले आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचा हक्क १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावे नोंदला गेला, तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली तो लढा दिला आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. देशाला त्याचा आनंद झाला, व व्हायलाच हवा होता. परंतु ज्या वस्तूवर कोणाची मक्तेदारी नाही, तिची वर्षानुवर्षे चालणारी महागडी चाचणी घ्यायला खासगी कंपनी पुढे येत नाही. चाचणी एकाने करायची आणि नफा सर्वांनी वाटून घ्यायचा हा सौदा तिला परवडत नाही. उलट, चाचणीशिवाय गोळी विकणे मात्र परवडते. अशा स्थितीत चाचणीचा खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलायचा असतो. मिसरी सोडलेल्या किंवा सोडू न शकलेल्या, तोंडात पांढरे चट्टे असलेल्या स्त्रियांत हळदीचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न जगातील दुसऱ्या कोणत्या देशाने आपल्यासाठी सोडवावा अशी अपेक्षा आहे?

प्राण्यांच्या यातनांचा मुद्दा यात गौण मानता येणार नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज संशोधकांनी शक्य तेथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, वेदना कमी करा असा त्रिसूत्री आग्रह धरला. भारतात १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, १९९८ चे प्रयोगविषयक नियम आहेत, आणि २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत प्राण्यांऐवजी पेशी व ऊतींवरील आधुनिक पद्धतींना जागा देण्यात आली. या पद्धती वाढतील तितक्या चांगल्या. मात्र ढिसाळ आखलेला प्रयोग हा प्राण्यावर आणि करदात्यावर एकाच वेळी केलेला अन्याय असतो. आणि काळजीने केलेल्या प्रयोगाचे उत्तर कपाटात ठेवून देणे हा त्याहून मोठा. मिसरीच्या प्रयोगातील उंदीर मेले ते कृष्णाकाठच्या बायकांसाठी, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्यांची साक्ष त्या बायकांपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

ती पोहोचविण्याची साधने महाग नाहीत. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे केवळ डोळ्यांनी, उजेडात, तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची अशी तपासणी व्हावी असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. सातारा-सांगलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यासाठी एक विजेरी आणि दहा मिनिटे लागतील. मात्र प्रश्न नीट विचारायला हवा. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर बाई सरळ ‘नाही’ म्हणते आणि ते तिच्या दृष्टीने खरे असते; मिसरी ती खात नाही, लावते. छापील अर्जावर तंबाखूच्या रकान्यापुढे ‘मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा’ हे शब्द जोडणे तालुक्याच्या पातळीवरही होण्यासारखे आहे, आणि त्याला कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागणार नाही.